टर्मिनलवरून मेल: पोचत का नाही आणि पाठवणारा भलताच का दिसतो?

स्क्रिप्टमधून, सर्व्हरवरून मेल पाठवण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आलीत, त्यातली सहा घेतेय. कमांडचे स्विच उच्चाराप्रमाणे लिहिलेत, म्हणजे ‘-एस’ दिसलं की डॅश आणि लहान लिपीतला एस समजा. मोठं अक्षर असेल तिथे तसं सांगेन.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या सर्व्हरवर रोज रात्री बॅकअप होतो आणि शेवटी स्क्रिप्ट ‘मेल’ कमांडने मला रिपोर्ट पाठवते. एरर काही येत नाही, एक्झिट कोड पण शून्य येतो, पण मेल येतच नाही, स्पॅममध्ये पण नाही. आठवडा झाला शोधतोय. नक्की अडकतंय कुठे?

उत्तर: एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, शून्य आला म्हणजे मेल पोचला असं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. ‘मेल’ कमांड साधारणपणे स्वतः बाहेर काहीच पोचवत नाही. ती तुमचा मजकूर घेते, वर टू, सब्जेक्ट, फ्रॉम असे हेडर लावते आणि सगळं बाड त्याच मशीनवरच्या ‘सेंडमेल’ नावाच्या प्रोग्रामच्या हवाली करते, बहुतेक ठिकाणी तो /यूएसआर/एसबिन/सेंडमेल इथे असतो. त्याने बाड घेतलं की हिचं काम संपलं, शून्य परत. त्यातही तुमची ‘मेल’ म्हणजे एस-नेल किंवा जुनी हेअरलूम मेलएक्स असेल (या नावामागे वेगवेगळे प्रोग्राम असतात, पुढच्या उत्तरात बघू) तर ती बाय डिफॉल्ट बाड देऊन मागे वळूनही बघत नाही, पाठवणं बॅकग्राउंडला टाकते, म्हणून सेंडमेल नंतर रडला तरी तुमच्या स्क्रिप्टला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी .मेलआरसी या मेल कमांडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेट सेंडवेट’ अशी एक ओळ टाका, निदान तेवढा एक्झिट कोड तरी खरा येईल.

आता सेंडमेल हे नाव ऐकून घाबरू नका. मूळ सेंडमेल एरिक ऑलमनने बर्कलीला लिहिला, १९८३ मध्ये तो बीएसडी युनिक्सबरोबर आला आणि त्याच्यावर इतके प्रोग्राम विसंबून राहिले की नंतर आलेल्या एक्झिम (१९९५) आणि पोस्टफिक्स (१९९८) यांनी पण आपली एक कमांड त्याच नावाने ठेवली. म्हणजे तुमच्या मशीनवर सेंडमेल टाइप केल्यावर आत बहुतेक पोस्टफिक्स किंवा एक्झिमच बसलेला असतो. तो मेल रांगेत टाकतो, टू मधलं डोमेन बघतो, डीएनएसला (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला) त्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्याचे मेल कोणता सर्व्हर घेतो ती नोंद, विचारतो आणि तिथल्या सर्व्हरशी पोर्ट २५ वर बोलायला जातो. मेल हरवतो तो या प्रवासात, तुमच्या कमांडमध्ये नाही.

तर पहिलं काम, ‘मेलक्यू’ टाइप करा. रांगेत तुमचे मेल पडलेले दिसले तर ते अडकलेत, आणि प्रत्येकाखाली कंसात कारण लिहिलेलं असतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आणि पोर्ट २५ असं दिसलं तर बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद आहे. बरेच क्लाउडवाले नव्या मशीनवर ते बंदच ठेवतात, तिथे कॉन्फिगमध्ये कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही, ५८७ वरून लॉगिन करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवावं लागतं, पोस्टफिक्समध्ये त्याला रिलेहोस्ट म्हणतात. असे अडकलेले मेल पोस्टफिक्स बाय डिफॉल्ट पाच दिवस पुन्हा पुन्हा ट्राय करतो आणि मग परत पाठवतो, त्यामुळे सहाव्या दिवशी रांग रिकामी दिसली म्हणून सगळं सुरळीत आहे असं समजू नका.

रांग रिकामी असेल तर लॉग बघा. डेबियन, उबुंटूवर /व्हार/लॉग/मेल.लॉग, रेडहॅटच्या घरातल्यांवर /व्हार/लॉग/मेललॉग, आणि या फाइली नसतील तर जर्नलसीटीएल. पोस्टफिक्स एका मेलच्या बऱ्याच ओळी लिहितो, त्यातली ‘स्टेटस=’ असलेली ओळ शोधा आणि ती शेवटाकडून वाचायची सवय लावा. शेवटी ‘स्टेटस=सेंट’ आणि कंसात २५० असेल तर समोरच्या सर्व्हरने मेल घेतला, आता शोध त्याच्याकडे. ‘डिफर्ड’ म्हणजे समोरून ४ ने सुरू होणारा कोड आला किंवा संपर्कच झाला नाही, पुन्हा प्रयत्न होईल. ‘बाउन्स्ड’ म्हणजे ५ ने सुरू होणारा, तिथे विषय संपला. पण ‘सेंट’ दिसल्यावर लगेच खूश व्हायचं नाही, त्याच ओळीत मागे ‘रिले=’ काय आहे ते बघा. तिथे ‘रिले=लोकल’ आणि कंसात ‘डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स’ असेल तर तो मेल मशीनच्या बाहेर पडलेलाच नाही, /व्हार/मेल मध्ये कुठल्यातरी युजरच्या नावाच्या फाइलीत जाऊन बसलाय.

हे मी इतकं आग्रहाने सांगतेय कारण मी स्वतः यात पोळलेय. एका ठिकाणी मी सर्व्हर लावताना त्याचं नाव विचारलं तेव्हा थेट कंपनीचं डोमेनच लिहिलं, आणि ते पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’ यादीत गेलं. त्या यादीचा अर्थ असा की या डोमेनचे मेल माझे, मीच ठेवून घेणार. झालं काय, बाहेरच्या सगळ्यांना मेल व्यवस्थित जायचे, टेस्ट मी माझ्या खासगी पत्त्यावर केली ती पास झाली, आणि कंपनीतल्याच लोकांना एकही मेल जात नव्हता. खऱ्या मेल सर्व्हरकडे न जाता आमचा हा वेब सर्व्हर आपल्याच मशीनवर ती माणसं शोधायचा आणि ‘अननोन युजर’ म्हणून परत पाठवायचा, आणि परत आलेले रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, मेलबॉक्समध्ये साठायचे जिथे कोणी बघत नव्हतं. मायडेस्टिनेशनमधून ते डोमेन काढलं, पोस्टफिक्स रीलोड केला आणि दोन मिनिटांत सुटलं. डिस्क भरत आलीय सांगणारे कितीतरी इशारे मात्र तोवर वाया गेले होते. म्हणून टेस्ट करताना ज्या पत्त्यावर मेल जायला हवेत त्याच पत्त्यावर करा.

प्रश्न: ताई, माझे मेल पोचतात पण पाठवणारा म्हणून रूट आणि पुढे मशीनचं विचित्र नाव दिसतं. मला तिथे रिपोर्ट्स@आमचं-डोमेन असं हवंय. एके ठिकाणी वाचलं की ‘-ए’ लावून फ्रॉम हेडर द्यायचा, तो दिला तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं. मित्राच्या मशीनवर हीच कमांड चालते. असं कसं?

उत्तर: असं होतं कारण तुमची ‘मेल’ आणि मित्राची ‘मेल’ या दोन वेगळ्या कमांडी आहेत, नाव तेवढं एक. १९७८ मध्ये कर्ट शोन्सने बर्कलीला मूळ मेल प्रोग्राम लिहिला आणि त्याचे वंशज आज तीन-चार घरांत विखुरलेत: डेबियनवर दिसणारा बीएसडी-मेलएक्स, ग्नूचा मेलयूटिल्स, गुनार रिटरचा हेअरलूम मेलएक्स आणि त्यातून पुढे आलेला एस-नेल. पहिल्या दोघांत ‘-ए’ म्हणजे जादा हेडर लावा. शेवटच्या दोघांत ‘-ए’ म्हणजे फाइल जोडा! म्हणून तुमच्या मशीनने ‘फ्रॉम: रिपोर्ट्स…’ या नावाची फाइल शोधली आणि ती मिळाली नाही म्हणून हात वर केले. आपली कोणती ते बघायला ‘मॅन मेल’ उघडा आणि ‘-ए’ समोर हेडर लिहिलंय की फाइल ते वाचा, किंवा ‘रीडलिंक -एफ’ पुढे मेल कमांडचा पूर्ण पाथ द्या, खरी फाइल कोणती ते कळतं.

पण नुसता स्विच सांगून मी थांबले तर पुढच्या महिन्यात तुमचं दुसरं पत्र येईल, म्हणून आतलं समजून घ्या. ईमेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पत्राच्या डोक्यावर लिहिलेला, फ्रॉम हेडर, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात, त्याला एन्व्हलप सेंडर म्हणतात. दोन सर्व्हर बोलतात कसे ते एकदा बघाच, फार छोटं संभाषण असतं. तुमचा सर्व्हर जोडला गेला की समोरचा २२० म्हणतो. तुमचा म्हणतो:

एहलो वेब०१
मेल फ्रॉम:<रूट@वेब०१>
आरसीपीटी टू:<तुमचा पत्ता>
डेटा

एहलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, या प्रत्येकाला समोरून २५० येतं, डेटाला ३५४ येतं म्हणजे ‘बोला, ऐकतोय’, आणि मग अख्खं पत्र जातं, फ्रॉम, टू, सब्जेक्ट, रिकामी ओळ, मजकूर, शेवटी एका ओळीवर एकटा टिंब. मग पुन्हा २५०. यातल्या ‘मेल फ्रॉम’ वर जे होतं ते पाकीट, आणि डेटानंतर आत जे फ्रॉम आलं ते पत्र. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा या संभाषणाचा नियम नाही. पोचल्यावर शेवटचा सर्व्हर पाकिटावरचा पत्ता ‘रिटर्न-पाथ’ नावाच्या हेडरमध्ये लिहून ठेवतो, तुमच्या मेलबॉक्समध्ये ‘शो ओरिजिनल’ सारखं काही दाबलं की तो दिसेल. आत्ताच एखादा मेल उघडून बघा, सगळं लक्षात येईल.

आता बघा, ‘-ए’ ने फ्रॉम हेडर दिला (ज्या घरात चालतो तिथे) की पत्र बदलतं, पाकिटावर रूटच राहतो. एस-नेलमध्ये .मेलआरसीत ‘सेट फ्रॉम=’ लिहिलं आणि मेल मशीनवरच्या सेंडमेलमार्फत जात असेल तरी तेच, पत्र बदललं पाकीट नाही. दोन्ही बदलायचे तर हेअरलूम आणि एस-नेलमध्ये ‘-आर’ पुढे पत्ता द्या, तो फ्रॉममध्ये पण जातो आणि सेंडमेलला ‘-एफ’ म्हणून पण दिला जातो. आणि स्क्रिप्ट वेगवेगळ्या मशीनवर चालवायची असेल तर माझं मत विचाराल तर ‘मेल’ च्या नादाला लागूच नका, थेट ‘सेंडमेल -टी -एफ’ आणि पत्ता असं वापरा आणि फ्रॉम, टू, सब्जेक्ट, एक रिकामी ओळ आणि मजकूर स्वतः लिहून आत ढकला. ‘-टी’ म्हणजे कोणाला पाठवायचं ते हेडरमधूनच वाच. पोस्टफिक्स असो, एक्झिम असो, जुना सेंडमेल असो, हे सगळीकडे सारखं चालतं. ती रिकामी ओळ विसरू नका, ती नसेल तर मजकुराची पहिली ओळ हेडरच्या गठ्ठ्यात अडकू शकते.

सगळ्या मशीनचे सगळेच मेल एका पत्त्याने जायला हवे असतील, क्रॉनचे (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) धरून, तर प्रत्येक स्क्रिप्टला हात लावण्यापेक्षा पोस्टफिक्समध्येच ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’ लावा. एका फाइलीत डावीकडे रूट@वेब०१, उजवीकडे रिपोर्ट्स@तुमचं-डोमेन, मग पोस्टमॅप चालवा आणि रीलोड. मेल मशीनच्या बाहेर पडताना पाकीट आणि पत्र दोन्हीवरचा पत्ता बदलतो आणि आतल्या आत फिरणाऱ्या मेलना धक्का लागत नाही. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो.

एक मात्र कळकळीने सांगते, फ्रॉममध्ये आपल्या मालकीचं नसलेलं डोमेन टाकू नका, म्हणजे स्वतःचा जीमेलचा पत्ता सर्व्हरवरून सरळ फ्रॉममध्ये ठोकणं वगैरे. एसपीएफ नावाची तपासणी पाकिटावरचं डोमेन बघते आणि त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तुमच्या सर्व्हरला परवानगी आहे का ते विचारते. डीकेआयएम म्हणजे मेलवर केलेली डिजिटल सही. आणि डीमार्क म्हणतं की यातलं निदान एक पास झालं पाहिजे आणि ज्या डोमेनसाठी पास झालं ते पत्रावरच्या फ्रॉमशी जुळलं पाहिजे. म्हणजे पाकीट आणि पत्र वेगवेगळं ठेवायची पूर्वीची मोकळीक कागदावर आहे, पण सही नसेल तर व्यवहारात दोन्हीकडे एकच डोमेन लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे फारच कडक केलंय. लॉगमध्ये ५५० आणि ५.७.२६ दिसलं तर समजा की जीमेलने याच कारणाने परत पाठवलाय.

प्रश्न: फ्रॉम बदलला, लोकांना नीट दिसतो. पण चुकीच्या पत्त्यांवर गेलेले मेल परत येतात ते मला दिसतच नाहीत. कुठे जातात?

उत्तर: पाकिटावर जो पत्ता होता त्याच्याकडे. वरचं उत्तर वाचलंत तर लगेच उलगडेल, तुम्ही पत्र बदललंत आणि पाकिटावर सर्व्हरचा रूट किंवा वेबवाला युजर राहिला, सगळे बाउन्स त्याच्या लोकल मेलबॉक्समध्ये. ‘-एफ’ ने पाकिटावर असा पत्ता घाला जो कोणीतरी खरंच वाचतं. ‘रिप्लाय-टू’ हेडर लावून हे होणार नाही, तो फक्त माणसाने उत्तर दिलं तर कामाचा. आणि /ईटीसी/अलायसेस मध्ये रूटच्या पुढे तुमचा खरा पत्ता टाकून ‘न्यूअलायसेस’ चालवा, बाकीचं पण वाचायला मिळेल. लॉगमध्ये ‘फ्रॉम=<>’ असं रिकामं दिसलं तर घाबरू नका, बाउन्सच्या पाकिटावर मुद्दाम कोणाचाच पत्ता नसतो, नाहीतर परत आलेल्याचा परत येणारा अशी साखळी थांबलीच नसती.

प्रश्न: सब्जेक्ट मराठीत दिला तर हाताने पाठवल्यावर बरोबर जातो, पण क्रॉनमधून गेला की अक्षरांचा चुरा होतो, आणि कधीकधी मजकुराच्या जागी एक .बिन फाइल जोडून येते. एस-नेल आहे.

उत्तर: तुमच्या टर्मिनलला लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ असतं, क्रॉनला बहुतेक वेळा काहीच नसतं म्हणून तो साध्या ‘सी’ लोकेलमध्ये चालतो. मग एस-नेलला देवनागरी बाइट म्हणजे अक्षरं आहेत हेच कळत नाही, आणि हा मजकूर नाहीच, कसलीतरी बायनरी आहे असं समजून तो अटॅचमेंट करतो. क्रॉनटॅबच्या वर ‘एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ अशी ओळ टाका (इथे सगळी अक्षरं मोठी), बहुतेकांचं इथेच मिटतं. तरी .बिन येत असेल तर मजकुरात विंडोजवाले कॅरेज रिटर्न किंवा रंगांचे कंट्रोल कोड आहेत का बघा, ‘टीआर’ ने उडवा. बीएसडी-मेलएक्स वापरणाऱ्यांनी मात्र मराठी सब्जेक्टची त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, हेडरमध्ये साधी रोमन सोडून इतर अक्षरं खास पद्धतीने गुंडाळून पाठवावी लागतात आणि तो ते करत नाही. आपल्या भाषेत सब्जेक्ट जायला हवा असेल तर एस-नेल किंवा मट नावाचा मेल प्रोग्राम घ्या, आणि तो जायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मला फक्त दिवसाला एक-दोन अलर्ट पाठवायचेत. त्यासाठी पोस्टफिक्स लावायचा का?

उत्तर: नको. एमएसएमटीपी घ्या. तो छोटा आहे, सेंडमेलच्या जागी बसतो आणि तुमच्या नेहमीच्या मेल खात्यात ५८७ वरून लॉगिन करून मेल टाकतो. कॉन्फिगमध्ये ‘फ्रॉम’ लिहिलं की पाकिटावर तो पत्ता जातो. पासवर्ड फाइलीत ठेवणार असाल तर फाइलीची परमिशन ६०० करा. जीमेल खातं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढा, आणि फ्रॉममध्ये दुसरंच काही लिहिलंत तर जीमेल ते पुसून खात्याचाच पत्ता टाकतो, तो आधी सेटिंगमध्ये ‘सेंड मेल ॲज’ म्हणून जोडलेला असेल तरच राहू देतो. एक फरक मोठा आहे, एमएसएमटीपीकडे रांग नाही. त्या क्षणी नेट नसेल तर मेल गेला नाही, संपलं. पण एक्झिट कोड मात्र लगेच आणि खरा देतो, तेव्हा स्क्रिप्टमध्ये तो तपासा आणि फेल झाला तर दहा मिनिटांनी पुन्हा पाठवा.

प्रश्न: तुमच्यासारख्याच कोणीतरी सांगितलं म्हणून थेट सेंडमेल वापरायला लागलो. बाकी सगळं छान, पण एका रिपोर्टचा मेल दर वेळी मधेच तुटतो. लॉगमध्ये स्टेटस=सेंट. फाइल उघडली तर पूर्ण आहे.

उत्तर: जिथे तुटतो तिथली पुढची ओळ फाइलीत बघा, तिच्यावर एकटा टिंब असणार. सेंडमेलला स्टँडर्ड इनपुटवर अशी ओळ दिसली की तो समजतो पत्र संपलं आणि राहिलेलं सोडून देतो. ‘-आय’ लावा, म्हणजे ‘सेंडमेल -आय -टी -एफ’ आणि पत्ता, मग तो फाइल संपेपर्यंत वाचतो. पुढे दुसऱ्या सर्व्हरशी बोलताना त्या टिंबाचं काय करायचं ते तो स्वतः सांभाळतो, अशा ओळीच्या सुरुवातीला एक जादा टिंब लावून पाठवतो आणि समोरचा तो काढून टाकतो. जुने रिपोर्ट पुन्हा पाठवायचे असतील तर ‘ग्रेप’ ने एकट्या टिंबाच्या ओळी असलेल्या फाइली आधी शोधा, तुटलेले तेवढेच असतील.